उलट्या आट्यांचं कडं

कडं निघेना. आठ वाजता नर्सला ऑपरेशन थिएटरमध्ये हजर व्हायचं होतं, सात वाजायला आले होते, आणि उजव्या मनगटात ते सोनेरी कडं ठाण मांडून बसलं होतं. सहा वर्षं वॉर्डात बेडपॅन उचलल्यावर कुठे थिएटरची जागा मिळाली होती. आजचा पहिला दिवस. मेट्रनबाईंचा नियम एकच : कोपराखाली काहीही चालणार नाही. चालवून घेणाऱ्या त्या नव्हत्याच, आणि या जागेवर यादीतली पुढची नर्स टपूनच होती.

हे असलं कडं श्रीमंत बायका घालतात. इवल्याशा स्क्रूनं मनगटावर बंद करायचं, म्हणजे आपल्याच हाताला आपणच कुलूप ठोकायचं. हिचं कडं त्याची हुबेहूब नक्कल. परवा दुकानातल्या बाईनं ते हातात चढवून स्क्रू आवळून दिला, बरोबर खेळण्यातला वाटावा एवढा स्क्रूड्रायव्हर दिला. आणि या शहाणीनं अख्ख्या वॉर्डाला सांगितलं, "अस्सल आहे. नवऱ्यानं दिलं."

तो नवरा आता घामाघूम झाला होता.

"डावीकडे फिरवतोयस ना?" तिनं विचारलं.

"डावीकडेच फिरवतोय. जगातले सगळे स्क्रू डावीकडेच उघडतात."

"मग हा का घट्ट होतोय?"

"तुझा हात सुजलाय म्हणून."

"हात सुजलाय तो तुझ्या पकडीनं. आणि स्क्रूचा हाताशी काय संबंध?"

साबण झाला, तेल झालं. शेवटी ती तशीच निघाली आणि हॉस्पिटलात पोचताच थेट प्लास्टर कापणाऱ्या मामांकडे गेली. सुजलेल्या बोटांतल्या अंगठ्या कापायचं कटर त्यांच्याकडे असायचं.

"बाई, हे अस्सल ना?" मामा मागे सरकले. "मी नाही कापणार. उद्या माझ्या अंगावर यायचं."

"कापा हो मामा. मी सांगतेय ना."

"तसं लिहून द्या."

तिनं लिहून दिलं : माझं मौल्यवान कडं माझ्या संमतीनं कापावं. त्या अवस्थेतही 'मौल्यवान' लिहायला ती विसरली नाही.

कटर फिरलं, किंचाळलं, आणि पातं तुटलं. मामांनी दुसरं लावलं. तेही गेलं. तोवर दाराशी पाच-सहा जणी गोळा झाल्या होत्या.

"सोनं दोन मिनिटांत कापलं जातं बाई," मामा चष्मा वर करत म्हणाले. "हे काय घातलंय हातात?"

"काय चाललंय इथे?" मेट्रनबाई येऊन उभ्या राहिल्या. आठला दहा मिनिटं होती.

नर्सनं एकदा दाराशी जमलेल्या मैत्रिणींकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे. सहा वर्षांचे बेडपॅन डोळ्यांपुढून गेले.

"नकली आहे," ती म्हणाली. "पोलादाचं आहे. वर मुलामा. नवऱ्यानंही दिलेलं नाही, मीच घेतलंय."

दाराशी कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कामं नाहीत का तुम्हाला?" मेट्रनबाई म्हणाल्या. दार मोकळं झालं. "मामा, तुम्हीही जा."

मेट्रनबाईंच्या हातात ड्युटी संपल्यावर असंच एक कडं यायचं. ते अस्सल आहे यावर हॉस्पिटल पैजा लावायचं. नर्सनं हौस केली होती ती ते बघूनच.

मेट्रनबाईंनी दार लोटलं. किल्ल्यांच्या जुडग्यातून तसलाच इवलासा स्क्रूड्रायव्हर काढला, तिचं मनगट धरलं आणि उजवीकडे फिरवला. चार वेढ्यांत कडं टेबलावर पडलं.

"यांचे आटे उलटे असतात," त्या म्हणाल्या. "डावीकडे फिरवलं की आवळतं."

नर्स त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "अस्सलचेही उलटेच असतात का?"

"मला काय माहीत?" मेट्रनबाईंनी जुडगा खिशात टाकला. "जा, हात धू. कोपरापर्यंत."

ती दारापर्यंत गेली, तेवढ्यात मागून आवाज आला, हळू.

"तुझा मुलामा किती दिवस टिकतोय ते सांग मला. माझा तीन महिन्यांत उडाला."