मी जेवनू

दगडूअप्पांचा तो शॉट मी कापला. त्यांना न विचारता कापला, आणि वर स्वतःला हुशार समजलो.

शॉट असा. पिक्चर कुठलाही असो, अप्पा मध्येच येणार, रुमालाने तोंड पुसणार, थेट कॅमेऱ्यात बघणार आणि अहिराणीत सांगणार, "मी जेवनू." म्हणजे, मी जेवलो. कोर्टात फाशीची शिक्षा सुनावली जातेय, मागून पट्टेवाला अप्पा, "मी जेवनू." भूत हिरोचा गळा दाबतंय, खिडकीतून अप्पा, "मी जेवनू."

अप्पा गाव सोडून आलेले; लिंबायतच्या गिरणीवस्तीत लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवत, खोलीवर एकटेच राहत. नव्वदच्या दशकात त्यांनी 'मायनी किरपा फिल्म्स' काढली. कंपनी म्हणजे भाड्याचा व्हिडिओ कॅमेरा, अप्पांचे लूमवरचे दोस्त आणि एडिटिंगला मी, बँकेतला कारकून. आमचा व्हिलन शेजारच्या उधन्याच्या मिलमध्ये होता. संध्याकाळी सातला त्याची पाळी, म्हणून आमचे सगळे व्हिलन सहाच्या आत मरत. अप्पा सीनसुद्धा कापडासारखा मोजत. "साहेब, रडनं दोन वार जास्त व्हयनं. फाडा!"

मी मात्र 'मी जेवनू' फाडलं. मला वाटलं, पिक्चर सुधारला. लिंबायतच्या केबलवर तो लागला, नेहमीप्रमाणे एक कॅसेट अप्पांच्या गावी गेली.

आठवड्याने आम्ही लग्नाचा सीन घेत होतो. मांडवात एक म्हातारी शिरली. डोक्यावर गाठोडं, पायात एसटीची धूळ. सरळ अप्पांपुढे उभी राहिली. ती अप्पांची आई.

"दगडू, पिक्चरमा तू दिसना नही. जेवस ना, भाऊ?"

तिला वाचता येत नव्हतं. गावात फोन नव्हता. सरपंचाच्या व्हीसीआरवर लेकाचं तेवढं एक वाक्य ऐकायला ती जात असे.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मशीनने कॅसेटनी पट्टी खाई टाकी, माय." आणि गाठोड्यातली भाकरी तिथेच खाऊ लागले. पाठोपाठ नवरदेव बसला, भटजी बसला, व्हिलनही. शूटिंग बुडालं. मी मात्र बाजूला वायरी गुंडाळत बसलो.

पुढच्या पिक्चरमध्ये दरोड्याचा सीन होता. अप्पा नेहमीप्रमाणे येऊन "मी जेवनू" सांगून गेले. कॅमेरा चालूच होता. मी दरोडेखोरांना बाजूला सारून पुढे आलो आणि कॅमेऱ्यात बघून हात जोडले.

"माय, पट्टी मशीनने खाल्ली नव्हती. मी कापली होती. चुकलो, माफ करा. अप्पा रोज जेवतात."