कोरडी ओल

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, खिडकीच्या उजव्या कोपऱ्यापासून अकरा सेंटिमीटर खाली, ओलीचा एक डाग आहे. रुंदी चाळीस सेंटिमीटर, कडा तपकिरी, मध्ये हिरवट काळे ठिपके. तो पावसात पसरत नाही आणि उन्हात आटत नाही. कारण तो ओलीचा नाहीच! कडक चहा, काजळी आणि थोडा हिरवा रंग घेऊन एका माणसाने तो तीन तासांत रंगवला. मग चार पावलं मागे सरकून, डोळे बारीक करून तो म्हणाला, "आता कसं, घर खरं वाटतं!"

त्याआधी एकोणीस वर्षं मी त्या घरात राहत होते. तेव्हा ते कसं वाटायचं, कोण जाणे!

एक सांगते. मी गोंधळ घालणाऱ्यातली बाई नाही. गावच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. बावीस वर्षांत माझ्या हातून एकही चंचुपात्र फुटलेलं नाही. चिठ्ठी चिकटवल्याशिवाय मी बाटलीत साधं पाणीसुद्धा भरून ठेवत नाही. त्यामुळे सिनेमावाले घरात येणार म्हटल्यावर मी नवऱ्याला, क्लिफला, छातीठोकपणे सांगितलं, "काही होत नाही. मी तक्ता केलाय."

"कसला?"

"काय काय बिघडू शकतं त्याचा. सव्वीस गोष्टी आहेत."

क्लिफ बस चालवतो. कुठलीही गोष्ट तो शेवटच्या थांब्यापर्यंत नेतो. त्याने सगळा तक्ता वाचला आणि म्हणाला, "थेल्मा, यात तू नाहीस."

दिग्दर्शकाचं नाव क्रिस्पिन. लंडनहून आला होता. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गरीब तरुणांचं जळजळीत वास्तव त्याला पडद्यावर आणायचं होतं, आणि त्यासाठी नट नकोत, खरी माणसं हवीत! शाळेच्या जेवणाच्या खोलीत त्याने आमच्या रॉझला गाठलं. रॉझ सतरा वर्षांची.

"वडील बेकार असतील ना तुझे?" त्याने हळव्या आवाजात विचारलं.

"नाही. बस चालवतात."

"अरेरे," तो म्हणाला. मग जरा निरखून बघत म्हणाला, "पण तुझ्या डोळ्यांत केवढी निराशा साठलीय!"

तिचे डोळे आले होते. मी सकाळीच औषध घातलं होतं.

अशा रीतीने रॉझला मुलीचं काम मिळालं, मला आईचं, आणि आमच्या घराला घराचं. पण घर फारच नीटनेटकं निघालं. मग त्यांनी पडदे काढले, अंगणात बिनचाकाची मोटार आणून ठेवली आणि दारातल्या पायपुसण्यावर न उघडलेल्या पत्रांचा ढीग रचला. गरीब माणसं पत्रं उघडत नाहीत म्हणे! शेवटी रॉझची पुस्तकं उचलून न्हाणीघरातल्या टबात भरली.

"अहो, आमच्याकडे पुस्तकं आहेत," मी म्हणाले.

"असतात हो, थेल्मा," क्रिस्पिन म्हणाला. "पण पडद्यावर खोटी वाटतात."

यावर मी भांडायला हवं होतं. भांडले नाही, कारण माझं लक्ष दुसरीकडे होतं. फ्रिजवर.

फ्रिजवर चुंबकाखाली प्रवेशाचं एक कार्ड होतं. त्यावर दोन चौकोन. एक अ‍ॅबर्डीनच्या विद्यापीठाचा. विषय रसायनशास्त्र, अंतर एक अख्खा दिवस. दुसरा इथल्या कॉलेजचा. अंतर क्लिफच्या बसने बारा मिनिटं. रॉझने एका चौकोनात खूण करून ते टपालात टाकायचं, एवढंच काम. सहा आठवडे ते तिथेच होतं. रोज ती म्हणायची, "उद्या सांगते." आणि मी विचारायचे नाही.

विचारायची भीती वाटायची. अठरा वर्षांची असताना असंच एक कार्ड मलाही आलं होतं. आई चुलीपाशी उभी होती. वळून बघितलंसुद्धा नाही तिने. म्हणाली, "तिथं आपल्यासारख्यांचं काय काम? दार लाव, वारा येतोय." मी दार लावलं. ते कार्ड पुढे कुठे गेलं, आठवत नाही.

आता रॉझ जाईल याची मला भीती होती. आणि माझ्या तोंडाकडे बघून ती राहील, याची त्याहून जास्त! म्हणून सहा आठवडे मी तोंड असं ठेवलं होतं, जशी चिठ्ठी नसलेली बाटली. आत काय आहे, कुणाला कळू नये.

कार्ड टाकायचा शेवटचा दिवस गुरुवार. कोपऱ्यावरच्या पेटीतली शेवटची पत्रं सव्वापाचला नेतात. आणि चित्रीकरणाचा शेवटचा दिवसही गुरुवारच!

क्रिस्पिनची पद्धत अशी, की गोष्ट कुणाला सांगायची नाही. रोज सकाळी प्रत्येकाला एक बंद पाकीट. त्यात आपल्यापुरत्या दोन ओळी. दुसऱ्याला काय सांगितलंय ते विचारायचं नाही. समोर जे घडेल त्याला खरोखर दचकायचं. पहिल्या आठवड्यात त्याने आमच्या गल्लीतल्या एका आजोबांवर अचानक घोडा सोडला होता. आजोबा अजून बहिणीकडे आहेत.

गुरुवारी माझ्या पाकिटात होतं: "तू बटाटे सोलते आहेस. आज कुणालाही घरात येऊ द्यायचं नाही. आणि आत आलेल्या कुणालाही बाहेर जाऊ द्यायचं नाही."

कोण येणार? किती जण? घोड्यासकट? क्रिस्पिन आणि कॅमेरावाला कोठीच्या खोलीत दडून बसले, दार बोटभर उघडं ठेवून. मी नाडी मोजली. एकशे बारा! बटाटा इतका सोलला, की त्याचा आवळा झाला.

पावणेचारला दार वाजलं.

दारात एक उंच, वाकलेला गृहस्थ. हातात फाईल, गळ्यात तपकिरी टाय. "ऑलरेनशॉ. कौन्सिलच्या घरखात्याकडून. तुमच्याकडे ओल आहे अशी तक्रार आहे. खिडकीला पडदे नाहीत, रस्त्यावरून दिसते म्हणे."

"आत यायचं नाही!" मी ओरडले. पाकिटाप्रमाणे.

"अहो बाई, पत्र पाठवलं होतं की! ते काय, तुमच्या पायाशीच पडलंय!" आणि ढीग ओलांडून ते सरळ आत आले.

काय काम करत होता तो माणूस! बूट झिजलेले, खिशाला शाईचा डाग. कॉलरवर कोंडासुद्धा होता! मेकअपवाल्यांचं मला मनापासून कौतुक वाटलं. आवाजात तो खास सरकारी थकवा. घर कौन्सिलचं, आम्ही भाडेकरू. असा माणूस खरंच आपल्याला घराबाहेर काढील असं वाटत होतं.

त्यांनी पिशवीतून एक यंत्र काढलं, त्याच्या सुया डागात खुपसल्या आणि आकडा बघितला. पुन्हा खुपसल्या.

"ही ओल कोरडी आहे," ते म्हणाले.

"मग?" मी म्हणाले.

"मग म्हणजे? तेवीस वर्षांत अशी ओल बघितली नाही मी! पलीकडून बघायला हवी. भिंतीमागे काय आहे?"

भिंतीमागे परसातला जुना संडास. आता आम्ही तिथे फावडं ठेवतो. ऑलरेनशॉ मागच्या दाराने निघाले आणि माझ्या डोक्यात पाकिटातली दुसरी ओळ लखकन चमकली. बाहेर जाऊ द्यायचं नाही! परसाला फाटक आहे. हा निसटला, तर तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात!

ते संडासात वाकले. मी दार लोटलं आणि बाहेरून कडी घातली.

"बाई! अहो बाई, हे काय?"

"चालू द्या, छान चाललंय!" मी फटीतून कुजबुजले. कोठीकडे बघितलं. फटीतून क्रिस्पिनचा अंगठा वर आला होता. नंतर कळलं, त्याला वाटलं होतं, की त्याचाच माणूस लवकर आलाय आणि स्वतःच्या मनाने भर घालतोय!

स्वयंपाकघरात परतले तर जिन्यावर रॉझ उभी. अंगात कोट, हातात बॅग, चेहरा पांढराफटक. तिचे डोळे तर केव्हाच बरे झाले होते, तरी लाल.

"कुठे निघालीस?"

"आई, विचारू नकोस."

"हे पाकिटातलं आहे की..."

"विचारायचं नसतं ना, आई!"

फ्रिजवर कार्ड तसंच होतं. घड्याळात चार वाजले. मी दोन्ही हात पसरून जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिले. पाकिटाप्रमाणे. म्हणजे निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

आणि पुन्हा दार वाजलं.

दारात दुसरा माणूस. हातात फाईल, गळ्यात तपकिरी टाय! "मी... हो... कौन्सिलकडून आलो आहे!" तो छताकडे बघत, पाठ केल्यासारखा म्हणाला. "तुम्हाला हे घर, हाय हाय, सोडावं लागेल!"

तो इतका वाईट होता, की हाच नट हे मला त्याच क्षणी कळलं.

म्हणजे संडासात...

खरा कौन्सिलचा अधिकारी! मी कोंडला! माझ्या डोळ्यांपुढे सगळं ओळीने उभं राहिलं: पोलीस, कोर्ट, गुन्ह्याची नोंद, शाळेतली नोकरी, घराची किल्ली. तक्त्यात सव्वीस गोष्टी होत्या. सत्ताविसावी मी होते!

मी धावले. कडी काढली. दार हलेना. लाकूड फुगलं होतं. सगळ्या घरात खरी ओल एकाच ठिकाणी होती, आणि ती तिथे!

"साहेब, ढकला हो!" मी रडकुंडीला आले.

आतून उत्साहाने भरलेला आवाज आला, "बाई, इथे चोवीस टक्के! ही खरी! ही अगदी खरी!"

तेवढ्यात शेजारच्या एन्टव्हिसलबाईंनी भिंतीवरून डोकं वर काढलं. "थेल्मा, घाबरू नकोस ग! तुझ्या संडासात माणूस ओरडतोय. मी पोलिसांना फोन केलाय!"

पाच मिनिटांत परसात पोलीस शिपाई आली. बाई होती, तरुण. माझ्याकडे बघून तिने चटकन टोपी काढली.

"मिस?"

लोरेन क्लेग! नववीत तिने बर्नरने स्वतःच्या भुवया जाळल्या होत्या. मी बर्फ लावला होता.

"मिस, तुम्ही माणूस कोंडलाय?"

"हो."

"तुम्ही?" तिचा विश्वासच बसेना. "तुम्ही तर आम्हाला काडीसुद्धा ओढू द्यायच्या नाहीत!"

लोरेन, रॉझ, मी आणि तो वाईट नट अशा चौघांनी मिळून दार ओढलं. ऑलरेनशॉ बाहेर आले. टायवर कोळ्याचं जाळं, हातात यंत्र, चेहऱ्यावर समाधान. मागोमाग कोठीतून क्रिस्पिन डोळे पुसत आला.

"थेल्मा! ती भीती! ते जिन्यापाशी हात पसरून उभं राहणं! मुलीच्या पंखांना घट्ट धरून बसलेली कष्टकरी आई! हेच, हेच तर मला हवं होतं!"

कॅमेरावाला घसा खाकरून म्हणाला, "साहेब, रीळ संडासाच्या कडीपाशीच संपलं. तुम्ही माझा हात धरून ठेवला होता. बदलता आलं नाही."

क्रिस्पिन बिनचाकाच्या मोटारीत जाऊन बसला. पण त्याचं वाक्य माझ्या कानात अडकून राहिलं. मी रॉझच्या हातातून तिचं पाकीट घेतलं. तिनेही घेऊ दिलं. आत दोनच ओळी होत्या: "घर सोडून जा. आई तुला अडवेल."

लंडनचा हा माणूस, महिन्याभरापूर्वी मला ओळखतही नव्हता, आणि माझ्याबद्दल ठरवून मोकळा! राग आला. आणि रागाच्या खाली, खरं सांगायचं तर, घाबरले. कारण मी अडवलं होतं. कॅमेरा बंद होता तेव्हासुद्धा.

असल्या वेळी आमच्याकडे एकच गोष्ट करतात. मी चहाचं आधण ठेवलं. लोरेन म्हणाली, तिने असं काही पाहिलंच नाही, फक्त दोन चमचे साखर घाला. मी ऑलरेनशॉ साहेबांची नऊ वेळा माफी मागितली.

"सोडा हो," ते म्हणाले. "ती भिंत मला नाहीतर सापडलीच नसती." आणि टेबलावर एक लांबलचक फॉर्म पसरला.

पाच वाजून दोन मिनिटं.

रॉझ कोट घालूनच उभी होती. बॅग उघडी होती. आत टबातली पुस्तकं. तिने फ्रिजवरचं कार्ड काढलं. माझी नाडी मोजायची हिंमत झाली नाही. मी तिच्याकडे बघितलं नाही. पुढच्या दाराशी गेले आणि ते सताड उघडलं. ढिगातली पत्रं घरभर उडाली.

"दार लावा हो, वारा येतोय!" ऑलरेनशॉ फॉर्मवर हात दाबत म्हणाले.

"राहू दे," मी म्हणाले. "उघडंच राहू दे."

त्यांनी खांदे उडवले आणि पेन उचललं. "बरं. घरात राहणारी माणसं किती?"

"तीन," मी म्हणाले.

मागून रॉझचा आवाज आला.

"साहेब, ते सप्टेंबरपर्यंत. पुढे दोन लिहा. मी अ‍ॅबर्डीनला चाललेय."