मुकादमचाचांची फौज

आखातातल्या आमच्या झिंजच्या बिल्डिंगमध्ये मुकादमचाचा एकटे राहतात, पण त्यांच्या दारात चपलांचे दहा-बारा जोड असतात. त्यातला एक बूट तर एवढा मोठा, की मांजरीने आत बाळंतपण उरकावं.

चाचा रत्नागिरीकडचे. सित्र्याला एका कंपनीत स्टोअरकीपर. वेड एकच, जुन्या काळच्या सेनापतींच्या थापा! एकाने म्हणे माघार घेताना छावणीत अवाढव्य चिलखतं टाकून ठेवली. शत्रूला वाटावं, इथे राक्षसच राहत होते. दुसऱ्याने मूठभर सैनिकांसाठी डोंगरभर शेकोट्या पेटवल्या. तिसऱ्याने पांढरं हरीण पाळलं आणि देव त्याच्यामार्फत निरोप धाडतो अशी आवई उठवली. झिंजमध्ये हरीण कुठून आणणार? चाचांनी पांढरी मांजर पाळली. लिफ्ट कधी बंद पडणार ते तिला आधी कळतं, असं वॉचमनच्या डोक्यात भरवलं. तो बिचारा आता तिचं तोंड बघितल्याशिवाय लिफ्टमध्ये पाय टाकत नाही.

हसू नका, या थापांना कारणही तसंच होतं. बिल्डिंग फक्त फॅमिलीवाल्यांची. चाची वारल्या, मुलगा कॅनडात, म्हणजे साठीला आलेले चाचा बॅचलर! मालकाला कळलं की खलास. आणि चाचींनी मांडलेलं घर मोडून दुसरीकडे जाणं त्यांच्याने होणारं नव्हतं. म्हणून दारात चपला, दोरीवर पोरींचे फ्रॉक आणि नुसत्या पाण्याच्या कुकरला शिट्ट्या.

गेल्या शुक्रवारी मालकाचा माणूस तपासणीला येणार असं कळलं. चाचा धापा टाकत आमच्याकडे आले. "कुलकर्णी, कुमक पाहिजे."

झालं! बायकोने टिकली काढून ओढणी घेतली नि त्यांची मुलगी झाली. आमची सई नात. आणि मी, सदाशिव कुलकर्णी, मुकादमांचा घरजावई!

त्या माणसाने नेमकं सईलाच विचारलं, हे तुझे कोण? सई शांतपणे म्हणाली, "माय ग्रँडफादर. ही टेल्स लाइज अबाउट किंग्ज." तो खो खो हसला, चहा प्यायला आणि गेला.

खिडकीतून त्याची गाडी वळताना आम्हा सगळ्यांनाच दिसली. मी उठलो. चाचांनी माझा हात धरला.

"बस रे जरा. तो जिन्यातच असेल अजून."

मी बसलो. बायको आत गेली आणि तिथूनच तिने विचारलं, "अब्बा, तांदूळ कुठे ठेवलेत?"