ड्रॅगन येतो आणि बाई जातात

घरातला कॉम्प्युटर बंद पडला की दोष नेहमी माणसाचा असतो, आणि तो माणूस कोण हे ठरवण्याची पात्रता घरातल्या प्रत्येकाच्या अंगी उपजतच असते. (कॉम्प्युटरला कोणी काही विचारत नाही.)

या घरी दोषी ठरल्या होत्या बाई. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना यजमानसुद्धा बाईच म्हणत. वर्गात त्यांचं एकच पालुपद असायचं, ‘आधी प्रश्न वाचा, मग पेन उचला.’ अशा बाई दर रविवारी दुपारी कानांवर हेडफोन चढवून जादूची तलवार चालवत बसायच्या, ते केवळ लेकीपायी.

लेकीनं कायमची नोकरी सोडली आणि दुसऱ्या शहरात जाऊन गेमसाठी चित्रं काढायचं ठरवलं. तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, “रेघोट्या मारून पोट भरतं का?” लेक उत्तर देऊ लागली, तशा बाई तिचं वाक्य अर्धं टाकून उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं अत्यंत सुरळीत चालू होतं. “जेवलीस?” “हो.” “बरं.” (वादाचं प्रमाण शून्य टक्के. इतका सलोखा फार थोड्या घरांत आढळतो.)

मग लेकीनं तो गेम पाठवला. त्यात शेवटी गुहेतून ड्रॅगन बाहेर येतो, तो तिनं स्वतः काढलेला. “आई, दोघी मिळून खेळू. तू फक्त तो बघ,” एवढंच ती म्हणाली. बाईंनी कधी पत्ते हातात धरले नव्हते, पण लेकीनं आपणहून काहीतरी मागितलं होतं. त्या हट्टानं शिकल्या. अडचण एकच. गुहेचं दार उघडून ड्रॅगनचं नाक दिसलं रे दिसलं, की पडदा निळा आणि कॉम्प्युटर गार! पहिल्यांदा लेक हसली. दुसऱ्यांदा नुसतं “बरं” म्हणाली. तिसऱ्यांदा तिनं फोन केला. “तुला माझं काम बघायचंच नसेल तर तसं सांग ना, आई. मध्येच उठून जायची तुझी सवय मला नवी नाही. येत्या रविवारी शेवटचं. परत गेलीस तर मी नाही विचारणार.”

आयुष्यात पहिल्यांदाच बाई उठून गेल्या नव्हत्या, आणि आळ नेमका त्याचाच.

ताबडतोब घरगुती चौकशी समिती बसली. सदस्य तीन : यजमान (निवृत्त, देखभाल विभाग), दीर (कोणत्याही विषयावर मत असलेले) आणि शेजारच्या वहिनी (चहाला आलेल्या). कॉम्प्युटर सोडून बाकी सर्व कारणांचा समितीनं सखोल विचार केला. दीर म्हणाले, बाई माउस फार जोरात आपटतात, शाळेतली सवय. मग खोली कोंदट आहे म्हणून टेबल खिडकीशी नेलं, ऊन लागतं म्हणून परत आणलं. टेबलफॅन कॉम्प्युटरच्या तोंडावर लावला. बाई घामाघूम झाल्या, पण त्याची नोंद घेण्याची गरज समितीला वाटली नाही.

यजमानांचं काम मात्र शास्त्रशुद्ध होतं. जे ताजं ते बिघडत नाही, या विभागीय तत्त्वाला धरून ते दर रविवारी सकाळी सगळे ड्रायव्हर नवे करून घेत. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरच्या एकेका भागाकडून काम करून घेणारा छोटा प्रोग्रॅम. (कॉम्प्युटर रविवारी दुपारीच बंद पडे, हा समितीनं योगायोग मानला.)

शेवटच्या रविवारी, जेवणाआधी, बाईंनी समितीसमोर, लेकीशिवाय खेळून पाहिलं. नाक. निळा पडदा. झालं! नेहमीप्रमाणे शरमून त्यांनी बटणाकडे हात नेला.

“अहो बाई, थांबा की!” वहिनी म्हणाल्या. “काय लिहिलंय ते वाचा तरी!”

विषय सोडून बोलल्याबद्दल दिरांनी वहिनींकडे रागानं पाहिलं. बाईंनी चष्मा लावला. पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं, की चित्र दाखवणारा ड्रायव्हर कोसळला. हेच पडदा दर वेळी सांगत होता. पिढ्यान्‌पिढ्या पोरांना ‘आधी वाचा’ म्हणून धपाटे घालणाऱ्या बाईंचे कान लाल झाले.

“अहो, हा नवा ड्रायव्हर कधीपासून घालताय?”

“गेम आला तेव्हापासून,” यजमान अभिमानानं म्हणाले. “दर रविवारी काढून पुन्हा तोच घालतो. ताजा.”

बाईंनी तो ताजा ड्रायव्हर मुळासकट काढला, कंपनीच्या साइटवरून मागचा उतरवून घेऊन बसवला, आणि आपोआप नवं होण्याची सोय बंद केली. यजमानांनाही कॉम्प्युटरबंदी झाली.

दुपारी गुहेचं दार उघडलं. नाक आलं. नाकाच्या शेंड्यावर चष्मा आला. वर घट्ट अंबाडा, एक भुवई चढलेली. आग ओकण्याआधी ड्रॅगननं सगळ्यांना गप्प बसवणारी ती नजर फिरवली.

“अगं, ही मी आहे का?”

“हो.” लेकीचा आवाज बारीक झाला होता. “रागावलीस?”

“अंबाडा बरा जमलाय,” बाई म्हणाल्या. “भुवई तर हुबेहूब आहे गं.”

दोघी इतक्या हसल्या की ड्रॅगननं त्यांना भाजून काढलं तरी कळलं नाही. मग लेकीनं हळूच विचारलं, “आई, त्या दिवशी उठून का गेलीस?”

बाईंनी आशेनं पडद्याकडे पाहिलं. पडदा निळा होईना. कॉम्प्युटर ठणठणीत चालू होता. शेवटी नाइलाजानं त्यांना खरं बोलावं लागलं. “रडू येत होतं गं. तू लांब जाणार म्हणून. तुझ्यापुढे रडायचं नव्हतं मला.”

तो सदोष ड्रायव्हर यजमानांनी टाकलेला नाही. पुढेमागे लागेल म्हणून पेनड्राइव्हवर जपून ठेवला आहे. गरजू वाचकांनी जरूर न्यावा. मात्र मागच्या आठवड्यात तुमच्या आईनं फोनवर नेमका नको तो प्रश्न विचारला, आणि तुम्ही “हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय” म्हणालात, त्यावरून तुमच्याकडे तो आधीच बसवलेला दिसतो. तिला तुमचा आवाज तेव्हा अगदी स्वच्छ ऐकू येत होता.