उडून छत बघणारा नरसय्या

जिना असताना घरावर उडून जाणारा माणूस आमच्या गल्लीत एकच, नरसय्या. हयात यंत्रमागाच्या खडखडाटात गेली. कारखाना बंद पडला, तेव्हापासून घर विकत घेणाऱ्यांना तो छत तपासून देतो. मोबाईलवर कुणी परदेशी माणूस पाठीला यंत्र बांधून उडताना बघितला आणि याची झोप उडाली. डाळिंबाला औषध मारायचे पंप मोडून त्यानं तसलंच यंत्र केलं.

मी गवंडी. शाळा चौथीत सुटली, पण भिंत ओळंब्यात आहे का नाही हे मला नुसत्या नजरेनं कळतं. नरसय्याचं यंत्र मला पटलेलं नाही, हे आधीच सांगतो. ते छताच्या हातभर वर जातं, जरा थरथरतं आणि धपकन खाली येतं. तेवढ्यात वाळत घातलेल्या कुरडया मागच्या बोळात. आवाज आला की बायका आधी दोरीवरचे कपडे काढतात, मग त्याला शिव्या देतात.

मी म्हटलं, जिन्यानं जा की. तर म्हणतो, "दादा, जिन्यानं गेलं की मालक दावंल तेवढंच दिसतंय. वरनं बघितल्याबिगर खरं न्हाय."

बूड टेकून बसणं त्याला ठाऊक नाही. चहासुद्धा फेऱ्या मारत पितो. उजाडलं की माझ्या दारात. उभ्यानं पेपर वाचून दाखवणार, त्यावर माझ्याशी भांडणार आणि रागानं निघून जाणार. दुसऱ्या दिवशी परत हजर. पण छताच्या बाबतीत खोटं बोलणार नाही. सख्ख्या मेव्हण्याचं घर गळतंय म्हणून गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितलं. मेव्हणा अजून बोलत नाही.

यंदा माझ्या पोरानं हट्ट धरला. अप्पा, एकटे राहू नका, घर विका आणि पुण्याला या. रोजच्या फोनला कंटाळून मी हो म्हटलं. मंद्रूपचे एक मास्तर घर बघून गेले, त्यांना पसंत पडलं. छत तपासायला त्यांनी नरसय्यालाच बोलावलं. मी निर्धास्त. स्लॅब माझ्या हातचा.

नरसय्या वर गेला, थरथरला, उतरताना माझी तुळस आडवी केली. हेल्मेट काढायच्या आत मास्तरांना म्हणाला, "घिऊ नका. भेग पडलीया. पावसात गळंल."

मास्तर चहा न घेताच गेले. माझं डोकं सणकलं.

"नरश्या, ह्या स्लॅबला घमेली उचलायला मागावरनं सुट्टी काढून तूच हुतास की. कुटं हाय भेग? दाव."

पाठीवरचं यंत्र न सोडताच तो ओट्यावर बसला.

"भेग न्हाय, दादा. बायकू गेली. पोरं भिवंडीला गेली. आता तुमी बी निगालाव. मग म्या खाली कुनासाटी उतरू?"

मी आत जाऊन चहा ठेवला.

संध्याकाळी पोराचा फोन आला, सौद्याचं काय झालं म्हणून. माझ्या हातच्या बांधकामाला आजवर कुणाची नावं ठेवायची छाती झालेली नाही.

म्हटलं, "मोडला बाबा. छताला भेग हाय. तवा सिमेंट जरा हात आखडून घातलं हुतं म्या."