मीठ वाढलं

त्या महिन्याच्या चौदा तारखेला दुपारी एक वाजता अठरा बिऱ्हाडांच्या एका चार मजली इमारतीत एकूण अकराशे साठ किलो मीठ होते, आणि त्याच वेळी त्या अठराही बिऱ्हाडांत लोक अळणी भाजी खात होते.

घटनाक्रम सहा तारखेला, मंगळवारी सकाळी, तिसऱ्या मजल्यावर सुरू झाला. तिथे राहणारे गृहस्थ वजनमापांच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते. दुकानांतली वजने प्रमाणित वजनांशी ताडून पाहणे आणि तफावत मिलिग्रॅमपर्यंत लिहून देणे हे त्यांचे काम. पुराव्याशिवाय काहीही मानायचे नाही, हा त्यांचा नियम असल्यामुळे इमारतीत त्यांना पुरावेसाहेब म्हणत. बाहेर पाऊस पडतो आहे असे कोणी सांगितले, तर ते खिडकीबाहेर हात काढून पाहत. आणि हात ओला झाला तरी वरच्या मजल्यावर कुंड्यांना पाणी घातले आहे काय, याची चौकशी करीत.

घरात ते, त्यांची पत्नी आणि त्यांची आत्या अशी तीन माणसे होती. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. पश्चिमेकडची आठ बाय दहाची खोली एकतीस वर्षे त्यांची होती. एक खाट, एक ट्रंक आणि एक खिडकी एवढाच त्यांचा संसार. आपण आता इथून एकदाच निघणार, मधल्या स्थानकांवर उतरणार नाही, असे त्या अधूनमधून जाहीर करीत.

त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत महागाईखेरीज दुसरे काही नव्हते. तेल वाढले होते, साबण वाढला होता, पीठ वाढण्याच्या बेतात होते. अशा त्या मंगळवारी आत्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, मीठ वाढलं हो."

"वाढायचंच, आत्या," पुरावेसाहेबांची पत्नी आतल्या खोलीतून म्हणाली. "काय वाढायचं राहिलंय आता?"

"मग आणायला नको का?"

"आणू की. आता सगळेच आणतील."

स्वयंपाकघराच्या समोर, चार हातांवर, एका निवृत्त शिक्षिकेची खिडकी होती. बाईंना दुसऱ्याचे बोलणे चोरून ऐकण्याची सवय नव्हती. त्या खिडकी उघडी ठेवून राजरोस ऐकत. त्या ताबडतोब पिशवी घेऊन खाली उतरल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी पाच किलो मीठ मागितले.

"पाच किलो?" दुकानदार म्हणाला. "बाई, समुद्र करायचाय का घरी?"

"थट्टा करा तुम्ही. वाढलंय ते."

"कोण म्हणालं?"

"ज्यांना कळतं त्यांच्या घरातून ऐकलंय. पुराव्याशिवाय बोलत नाहीत ती माणसं."

दुकानदाराला ही बातमी नवी होती. आपल्याच धंद्यातली बातमी गिऱ्हाइकाकडून कळावी, याची त्याला लाज वाटली. भाव वाढल्याचे माहीत असताना जुन्या भावाने विकणे हा गिऱ्हाइकाच्या माहितीचा अपमान ठरेल, असा विचार करून त्याने दुपारपर्यंत पाटी बदलली. संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर काड्यापेटी आणायला गेले आणि पाटी वाचून परत आले. इमारतीचा सूचनाफलक त्यांच्या ताब्यात होता. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले: 'मिठाचा भाव वाढला आहे. रहिवाशांनी घाबरून जाऊ नये. गरजेपुरतेच मीठ घ्यावे.' तोपर्यंत आपल्याला गरज आहे हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

पत्नीने रात्री जेवताना हा विषय काढला, तेव्हा पुरावेसाहेब एकच शब्द बोलले: "ऐकीव."

"अहो, पण सगळे म्हणताहेत."

"सगळे म्हणजे किती? आणि एकमेकांना विचारून की आपापले?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकून स्वतः तपास केला. शिक्षिकेला विचारले, नक्की वाढलं? नक्की, त्या म्हणाल्या. दुकानदाराने पाटीकडे बोट दाखवले. पोस्टमास्तरांनी फलकाकडे दाखवले. एक साक्ष म्हणजे अफवा, दोन म्हणजे योगायोग, परंतु परस्परांशी संबंध नसलेल्या तीन साक्षी जुळल्या की तो पुरावा, हे शास्त्र आहे. पुरावेसाहेबांनी शास्त्रापुढे मान तुकवली. तुम्हाला हे कोठून कळले, हा प्रश्न मात्र त्यांनी तिघांपैकी कोणालाही विचारला नाही. मूळ माहिती पक्की असताना तो अनावश्यक होता.

मग हिशेब मांडला. माणशी रोज दहा ग्रॅम, तीन माणसे, तीनशे पासष्ट दिवस: अकरा किलो. अनिश्चिततेसाठी दुप्पट: बावीस. दमटपणाने होणारी घट धरून: पंचवीस. संध्याकाळी पाच वाजता पुरावेसाहेब पंचवीस किलोचे पोते खांद्यावर घेऊन जिना चढले. प्रत्येक मजल्यावर एकेक दार उघडले आणि विचारमग्न होऊन बंद झाले. उकळत्या पाण्यात दोनदा हात घालून खात्री करणारा माणूस पोते उचलतो, याहून मोठा पुरावा इमारतीला नको होता. शुक्रवारपर्यंत दुकानातले मीठ संपले. शनिवारी लोक पुढच्या बाजारपेठा गाठू लागले, आणि तिथे जाऊन मीठमिरची लावून बातमी सांगू लागले. त्यामुळे तिथलेही संपले.

रविवारी बैठक झाली. घरोघरी विस्कळित साठा ठेवणे अशास्त्रीय असल्यामुळे संयुक्त राखीव साठा समिती स्थापन झाली. पोस्टमास्तर अध्यक्ष झाले आणि पुरावेसाहेब तांत्रिक सल्लागार. नियम सर्वानुमते संमत झाले. साठा टंचाईच्या काळासाठी असून टंचाई जाहीर झाल्याखेरीज तो उघडता येणार नाही. टंचाई जाहीर करण्याचा अधिकार समितीचा राहील. पुरेसा साठा शिल्लक असताना समितीला टंचाई जाहीर करता येणार नाही. चालू वापरासाठी प्रत्येकाने बाजारातून पाव किलो आणावे.

बाजारात मीठ नव्हते, ही बाब बैठकीच्या विषयपत्रिकेवर नव्हती.

आता जागेचा प्रश्न आला. मीठ ओल धरते. पुरावेसाहेब आर्द्रतामापक घेऊन अठराही बिऱ्हाडांतून फिरले. तळमजला दमट निघाला आणि चौथ्या मजल्यावर टाकीची ओल होती. संपूर्ण इमारतीत सर्वांत कोरडी जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची, पश्चिमेकडची, आठ बाय दहाची खोली. त्यांनी मापन तीन वेळा करून पाहिले, कारण निष्कर्ष त्यांच्या घरचा होता. तिन्ही वेळा तोच आकडा आला. खोटे लिहिणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

"आत्या, तुझ्या खोलीत आर्द्रता सगळ्यात कमी आहे."

"बरं मग?"

"मिठाला तीच योग्य ठरते."

"आणि मला कुठली ठरते?"

"तुला आर्द्रतेचं बंधन नाही."

"म्हणजे मी विरघळत नाही, म्हणून मी बाहेर!" आत्यांनी चष्मा पुसला. "पूर्वी माणसं मिठाला जागायची, बाळ. तुम्ही मिठाला जागा देताय. द्या."

सोमवारी खाट बैठकीच्या खोलीत आली. साठ्याचे रोज वजन करायचे असल्याने मंगळवारी तिथे तराजू आला आणि खाट तराजूच्या वाटेत येऊ लागली. तेव्हा भाव उतरेपर्यंत आत्यांनी दुसऱ्या गावी भाचीकडे राहावे, असे ठरले. बुधवारी, म्हणजे चौदा तारखेला, चार वाजता गाडी सांगितली.

"थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे, आत्या," पत्नी त्यांच्याकडे न बघता ट्रंक भरत म्हणाली.

"या खोलीतही मी थोड्या दिवसांसाठीच आले होते."

त्या दुपारी जेवणात मीठ नव्हते. घसा धरला की गुळण्या करायला आत्यांनी एक पुडी ठेवली होती. पोत्याचे सील तोडायचे नसल्यामुळे आठवडाभर तिघांचा स्वयंपाक तिच्यावर निभावला, आणि आदल्या संध्याकाळी तीही संपली. आत्यांनी भाजीचा घास घेतला आणि ताट बाजूला सारले.

"मीठ वाढलं म्हटलं होतं ना मी तेव्हाच?"

"माहितीये हो, आत्या. अख्ख्या गावाला माहितीये."

दोन वाजता पोस्टमास्तर आणि शिक्षिका यांच्यासह पुरवठा खात्याच्या निरीक्षकबाई आल्या. त्यांच्याकडे टंचाईच्या कारणमीमांसेचा नमुना क्रमांक सात होता. अतिवृष्टी, अवर्षण, संप, वाहतूक आणि इतर असे पाच रकाने होते. पहिले चार त्यांनी आधीच खोडले होते. कारखान्यातून नेहमीइतकेच मीठ निघाले होते आणि गाड्या वेळेवर आल्या होत्या. "मला फक्त 'इतर' भरायचंय," त्या म्हणाल्या, आणि बसायला दुसरे काही नसल्यामुळे आत्यांच्या खाटेवर बसल्या. आत्या ट्रंकेवर बसल्या होत्या.

"भाव वाढल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी पोस्टमास्तरांना विचारले.

"सांगायला कशाला हवं? दुकानात पाटी होती."

दुकानदाराला वर बोलावले. त्याने शिक्षिकेकडे हात केला. "या बाई म्हणाल्या. माझा काय दोष? मी आपला त्यांच्या शब्दावर भाव लावला."

"मी काय मनानं सांगितलं?" शिक्षिका उसळल्या. "यांच्याच खिडकीतून ऐकलं. यांच्या!"

पुरावेसाहेबांनी तिघांकडे पाहिले. एकाच साच्यातली तीन वजने एकमेकांशी ताडून ती बरोबर ठरवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "तुम्ही तिघं मिळून एकच आहात."

"आणि तुमच्या घरात कोण म्हणालं?" निरीक्षकबाईंनी विचारले.

"आत्या," पत्नी म्हणाली.

"आजी, भाव वाढल्याचं तुम्हाला कुठून कळलं?"

"कसला भाव?"

"मिठाचा."

"मला काय करायचाय मिठाचा भाव? दुकानाची पायरी चढून दहा वर्षं झाली. बरणीतलं मीठ वाढलं होतं, ते सांगितलं सूनबाईला."

"वाढलं म्हणजे?"

"म्हणजे बरणी रिकामी! घरातलं संपलं असं तोंडानं म्हणतात का कधी? तुझ्या आईनं नाही शिकवलं?"

निरीक्षकबाईंना आईने शिकवले होते. शिक्षिका खिडकीबाहेर बघू लागल्या. आदल्याच दिवशी त्यांनी मुलाला फोनवर साखर वाढल्याचे कळवले होते, आणि मुलाने एक किलो साखर आणून दिली होती. पोस्टमास्तरांच्या घरीही तांदूळ कधी संपत नसत, वाढत. खोलीत असा एकही माणूस नव्हता ज्याला तो शब्द कळत नव्हता.

पुरावेसाहेब उठले. त्यांनी पश्चिमेकडच्या खोलीचे कुलूप काढले, पहिल्या पोत्याचे सील तोडले, आणि बरणी काठोकाठ भरून आणली.

"सल्लागार, हे नियमबाह्य आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "बैठक बोलवावी लागेल."

"बोलवा की," आत्या म्हणाल्या. "उभ्यानंच घ्या, बसायला जागा नाही." मग बरणीचे झाकण लावून त्या भाच्याकडे वळल्या. "चार वाजता गाडी येतेय ना, बाळ? त्यात ती पोती घाल. आठवडाभर भाचीकडे राहू दे त्यांना. माझी खाट आत घे."

खाट साडेतीन वाजता आत गेली. निरीक्षकबाईंनी रकाना भरला तो असा:

'इतर. एका घरातील बरणी रिकामी झाली. ज्येष्ठ महिलेने रीतीप्रमाणे "मीठ वाढलं" असे सांगितले. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी संपलेल्या वस्तूला वाढली असेच म्हणतात. तरीही प्रत्येकाने भाव वाढला असे ऐकले, कारण प्रत्येकजण त्याच बातमीची वाट पाहत होता. आवश्यक मीठ: पाव किलो. प्रत्यक्ष खरेदी: अकराशे साठ किलो. मंगळवार सकाळचे ते वाक्य प्रथम वाचताना ज्या कोणाच्या मनात रिकामी बरणी आली असेल, त्याला या टंचाईच्या जबाबदारीतून वगळण्यात येत आहे. बाकीच्यांची नोंद घेतली आहे.'