उन्हात टिकलेली तबकडी

मुलांनो, एका जंगलात ऊन मुबलक होतं आणि समित्या त्याहून मुबलक होत्या.

तिथे एक म्हातारं खवलेमांजर राहायचं. सगळे त्याला खवल्यासर म्हणत. सर फार शिकलेले. कुणी नुसतं "का हो?" म्हटलं, तरी आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं त्यांना वाटायचं.

सरांनी पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकाचा पातळ थर देऊन एक तबकडी बनवली. तिच्यावर ऊन पडलं की वीज तयार व्हायची आणि दिवा लागायचा. कोरड्या गुहेत, झरोक्यातल्या उन्हात तिची वीज मोजली, तर तिनं सगळे उच्चांक मोडले. सरांना हार घातला गेला.

ती तबकडी उंदरिणीनं बिळाच्या तोंडाशी लावली. बिळातल्या अंधाराचा फायदा घेऊन धामण पिल्लांवर टपून असायची. उजेडात ती येताना तरी दिसली असती. पण दमट वारा सुटला, तबकडी हळदीसारखी पिवळी पडली आणि दिवा विझला. धाकट्या पिल्लाच्या जिवावर बेतलेलं शेपटीवर निभावलं.

सर खजील झाले. त्यांनी नव्या तबकडीवर लाखेचा लेप दिला. वीज थोडी कमी झाली, पण दिवा सगळा पावसाळा जळत राहिला.

शोधांना पदक देणारी परिषद भरली, तेव्हा सरांनी ती तबकडी उंदरिणीकडून मागून नेली.

"लवकर आणा हं सर," ती म्हणाली. "पिल्लं अंधारात आहेत."

कार्यक्षमता समितीवर मोर होता. "वीज गेल्या खेपेपेक्षा कमी," तो म्हणाला. "म्हणजे संशोधन मागे गेलं म्हणायचं."

"पण ही टिकते."

"टिकण्याचं आमच्याकडे नाही. शेजारच्या झाडाखाली विचारा."

शेजारी टिकाऊपणा समितीचं घुबड होतं. त्यानं तबकडी उलटसुलट करून पाहिली. "ही उन्हात ठेवलेली दिसते."

"हो, म्हणजे... उन्हासाठीच आहे ना ती."

"मग कशी टिकेल हो? आमच्या ढोलीतली बघा. घडवल्यापासून केळीच्या सोपटात गुंडाळून ठेवलीय. अजून कोरी करकरीत."

पदक त्या कोऱ्या तबकडीला मिळालं. सरांना ते पटलं. शिकलेल्यांना लवकर पटतं, मुलांनो.

परतल्यावर ते उंदरिणीला चाचरत म्हणाले, "ही जरा चुकलीय. लेप खरवडून देतो."

उंदरिणीनं तबकडी त्यांच्या हातातून काढून घेतली. "सर, बरोबर होती ती विझली. ही चुकलेलीच राहू द्या."

बिळात दिवा लागला. सर घरी गेले आणि आपलं नेमकं कुठे चुकलं, यावर निबंध लिहू लागले.

तात्पर्य : शोध नेहमी सावलीत जपावा. उन्हात आणला, तर तो कुणाच्या तरी उपयोगी पडतो आणि पदकाला मुकतो.